दहा फुटांची दांडी

करवत इस्तारीला कोणी आणून दिली नव्हती. बिरजू सुताराच्या दारात जाऊन त्यानं ती स्वतः मागितली, अंगणात दांडी आडवी घातली, गुडघा टेकवला आणि कापली. गावात आजही काही शहाणे म्हणतात की शाळेच्या मास्तरानं कापायला लावली. काही म्हणतात पोरीनं हट्ट धरला. लोकांना काय, जीभ टाळ्याला लावायला पैसे पडत नाहीत. खरं म्हणजे नागसेन सर नको नको म्हणत होते आणि डिंपल रडायच्या बेतात होती. हौस इस्तारीचीच.

इस्तारी जातीचा ढिवर. गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जाळं टाकायचा, उन्हाळ्यात रोजीला जायचा. सिरसटोला म्हणजे चाळीस उंबऱ्यांचं गाव, तालुक्याच्या गावापासून, वडशापासून, तीन कोसांवर, पण मध्ये नाला. आठ महिने त्यात बकरी चरते आणि पावसाळ्यात तोच नाला माणसाला गिळायला बसतो. पलीकडे डांबरी सडक, शाळा आणि सरकारी दवाखाना. अलीकडे देवाची मर्जी.

आजारी माणसाला न्यायचं तर खाटेवर. चार जणांनी चार खूर खांद्यावर घ्यायचे आणि पाण्यात उतरायचं. पण गेलेलं माणूसही त्याच खाटेवरून परत यायचं, म्हणून गावच्या बायांनी खाटेचा धसका घेतला होता. जीव गेला तरी चालेल, पण जितेपणी चौघांच्या खांद्यावर चढणार नाही, असं त्या म्हणत, आणि म्हटल्याप्रमाणे करतही. लच्छूची आई तापानं फणफणत ओसरीवर पडून राहिली आणि ओसरीवरच गेली.

दोन हजार दोन साली जूनमध्ये शाळेत विज्ञान प्रदर्शनीचा कागद आला. विषय होता आरोग्य. नागसेन सर तरुण, नवे, डोक्यात वारं भरलेलं. नववीच्या पोरांना ते म्हणाले, "पुस्तकातलं नको. तुमच्या गावातला आजाराचा खरा प्रश्न कोणता, तो लिहून आणा." पोरांनी डास लिहिले, गढूळ पाणी लिहिलं. इस्तारीच्या डिंपलनं एकच ओळ लिहिली: आमच्या गावात बाया खाटेवर बसत नाहीत. सर ती ओळ घेऊन नाला ओलांडून इस्तारीच्या घरी आले होते.

मग बाप-लेकीनं मिळून ती झोळी केली. डोकं पोरीचं, हात बापाचे. जाड सुताचं जाळं इस्तारीनं महिनाभर बसून विणलं, माशाचं नव्हे, माणसाचं. ते एका लांब बांबूला टांगायचं, पुढे एक, मागे एक, दोनच माणसं. खाली ट्रकच्या हवेच्या दोन ट्यूबा, म्हणजे पाणी छातीला लागलं तरी झोळी तरंगेल. चौघं नाहीत, खाट नाही, म्हणून बायांची ना नव्हती. "हे तं पाळण्यावानी हाये," म्हणत सगळ्यांत आधी त्यात बसली ती इस्तारीची सून रीता. सुरेंद्रशी लग्न होऊन तिला वर्षच झालं होतं. हसरी पोर, सासऱ्याला मामाजी, मामाजी करत मागे फिरायची.

आणि ती दांडी! इस्तारीनं तो बांबू आदल्या मार्गशीर्षातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, बोडीच्या पाण्यात पंधरा दिवस बुडवलेला, मग होळीपर्यंत चुलीच्या धुरावर टांगलेला. दहा फूट लांब, वाजवला तर टणटण बोलायचा. त्या पावसाळ्यात तिच्यावरून तीन माणसं नाल्यापार गेली: साप चावलेला पत्रू, हगवणीनं सुकलेली एक म्हातारी आणि पाटलाच्या घरची बाळंतीण. तिन्ही जिवंत परत आली. इस्तारी तेव्हापासून छाती काढून चालायचा. का चालू नये?

पोळा झाला आणि तालुक्याच्या प्रदर्शनीचे नियम आले. वस्तू चार फूट बाय तीन फुटांच्या टेबलावर मावली पाहिजे. मागच्या वर्षी याच शाळेचा पवनचक्कीचा खांब लांब झाला म्हणून दारातूनच परत पाठवला होता. सर म्हणाले, "इस्तारीभाऊ, आपण छोटं मॉडेल करू. ही दांडी गावात राहू द्या."

"कायचं छोटं, सर? चार दिवसांत बांबू कुठून आणू? ओला चालत नाई. आन् खोटी वस्तू काऊन न्या? जिनं तीन माणसं वाचवली, थेच जाईल."

"बाबा, पन पानी आलं तं?" डिंपल म्हणाली.

"पोळा झाला ना, बाई. आता काय पडते पानी? थंडी पडली का नवा बांबू तोडतो. याच्याहून चांगला."

खरं सांगायचं तर त्याला त्या टेबलावर आपलं जाळं दिसत होतं. साहेब लोक वाकून बघताहेत, कोणी विचारतंय हे कोणी विणलं, आणि डिंपल म्हणते आहे, माझ्या बाबांनी. जन्मभर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. माणसाला एवढी हौस असू नये का? असावी. पण त्यानं करवत आणली.

मधला चार फुटांचा तुकडा शाळेत गेला. जाळंही त्या मापाला कापलं आणि त्यात आजारी माणूस म्हणून डिंपलची चिंध्यांची बाहुली निजवली. ट्यूबाही टेबलाखाली ठेवायला गेल्या. तीन-तीन फुटांचे दोन तुकडे उरले. एक देवकाबाईनं चुलीत घातला. देवकाबाई म्हणजे इस्तारीची बायको, तिला काहीच वाया गेलेलं खपत नसे. दुसरा रीतानं उचलला. तिला आठवा लागत होता. "मामाजी, हे मी पाळण्याले ठेवतो. मजबूत हाये," ती म्हणाली, आणि तो पुसून आढ्याशी खोचून ठेवला.

वडशाला पहिला नंबर आला. सरांनी पेढे वाटले. वस्तू आता जिल्ह्याला जाणार म्हणून शाळेच्या कपाटात कुलूपबंद झाली.

गौरी गेल्या त्या दिवसापासून झड लागली. तीन दिवस, तीन रात्री पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी रीता गोठ्यातून आली ती भिंत धरूनच. लुगडं रक्तानं भिजलं होतं. देवकाबाईनं पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली.

सुरेंद्र बापाकडे वळला. "बाबा, थे दांडी कुठी हाये?"

दांडी कुठे आहे ते त्याला माहीत होतं. तरी विचारलं.  इस्तारी कुऱ्हाड घेऊन पावसात धावत सुटला.

गोठ्याचा आडवा बांबू उपसून पाहिला तर तो घुणानं पोकळ निघाला. मग बोडीच्या काठच्या बेटातला एक हिरवा बांबू तोडला. या दिवसांत बांबूला कोणी हात लावत नाही, ओला असतो, लवतो. हे इस्तारीला कोणी शिकवायला नको होतं. दुसरं होतं काय हाताशी? माशाचं जाळं चौपदरी करून त्याला बांधलं, रीताला त्यात घातलं आणि बाप-लेक नाल्यात उतरले. पाणी कमरेला होतं तोवर निभलं. छातीला लागलं आणि बांबू मधोमध वाकला. ट्यूबा नव्हत्या. झोळी पाण्यात गेली आणि रीता गळ्यापर्यंत बुडाली. ती ओरडली नाही, फक्त इस्तारीच्या मनगटाला धरून राहिली. मागे फिरण्यावाचून इलाज नव्हता. काठाला आले तेव्हा लाल पाणी झोळीतून गळत होतं. या सगळ्यात तास-दीड तास गेला.

मग लोक खाट घेऊन आले.

"मामाजी, खाटेवर नोका," रीता म्हणाली. आवाज उरला नव्हता, ओठ हलले तेवढंच. "झोळी आना ना. आपली झोळी."

"आनतो, बाई. आनतो," इस्तारी म्हणाला. आयुष्यात तो इतकं खोटं कधी बोलला नव्हता. आणि असं म्हणतच त्यानं तिला दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवलं.

खाट पार गेली. सडकेवर एक जीप मिळाली, दवाखानाही गाठला. पोरगी झाली, मुठीएवढी, पण रडली. रीता दुपारी गेली. डॉक्टर कोणाला रागावले नाहीत. थोडं आधी आणायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

संध्याकाळच्या आत पाणी ओसरलं. नाला असाच, मेला! काम झालं की ओसरतो. रीता त्याच खाटेवरून परत आली. एक खूर इस्तारीच्या खांद्यावर होता.

गाव म्हणालं, नशीब. देवकाबाई म्हणाली, देवानं नेली.  सुरेंद्रनं बापाशी बोलणंच सोडलं. इस्तारीला वाटायचं, कोणीतरी आपल्याला धरून चार शिव्या घालाव्यात, निदान विचारावं तरी. कोणी विचारलं नाही. दुःख सोसवतं हो, पण हे असं सगळ्यांनी समजून घेणं सोसवत नाही.

डिसेंबरात गडचिरोलीला जिल्ह्याची प्रदर्शनी होती. डिंपल म्हणाली, मी जात नाई. सरांचे डोळे भरले होते, ते म्हणाले, "नको जाऊ. मी नाव काढून घेतो." इस्तारी दाराशी बसला होता. तो म्हणाला, "जाऊ द्या, सर. मी येतो संगं."

मोठं सभागृह, पताका, गर्दी. टेबलावर चार फुटांची झोळी, कापलेल्या टोकांना सोनेरी कागद चिकटवलेला, आत बाहुली. मागे पुठ्ठ्यावर डिंपलच्या सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं. इस्तारी भिंतीला टेकून उभा राहिला. दुपारी परीक्षक बाई आल्या, शहरातल्या डॉक्टरीण होत्या. त्यांनी वाकून जाळ्याची गाठ बोटानं चाचपली.

"फारच छान काम आहे. हे कोणी विणलं?"

"माझ्या बाबांनी," डिंपल म्हणाली.

तेच शब्द. भादव्यात त्यानं मनात ऐकले होते तेच. इस्तारीनं मान खाली घातली.

"कल्पना उत्तम," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "पण बाळ, मॉडेल करून थांबायचं नसतं. खऱ्या मापात करून पाहिलंस का? माणूस नेता येईल असं?"

डिंपलनं मागे वळून बाबांकडे पाहिलं.  तेव्हा इस्तारी भिंत सोडून पुढे आला.

"होती जी," तो म्हणाला. "दहा फुटाची होती. तीन मान्सं नेली तिनं."

"अरे वा! मग ती का नाही आणली? कुठे आहे?"

"हेच थे जी." त्यानं सोनेरी कागदावर बोट ठेवलं. "टेबलावर मावत नव्हती. मीच कापली. चौथं मानूस माही सून होती."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं, मग इस्तारीकडे.   शेजारच्या टेबलावरचा पोरगा मोठ्यानं आपली माहिती पाठ म्हणत होता. इस्तारीला वाटलं, विचारलं, शेवटी कोणीतरी विचारलं. आणि मग तो त्या सभागृहात सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. डिंपलनं त्याचा हात धरून बाहेर आणलं.

तिसरा नंबर आला. प्रमाणपत्र सरांनी घरी आणून दिलं, ते डिंपलनं पेटीच्या तळाशी ठेवलं. मार्गशीर्षाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात इस्तारीनं दोन बांबू तोडले, बोडीत बुडवले, धुरावर टांगले. होळीला नवी दांडी जाळ्या-ट्यूबांसकट ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लागली, पूर्ण दहा फुटांची. त्या पावसाळ्यात ती कामीही आली. लोक चांगलं म्हणाले.

जुनीचा तीन फुटांचा तुकडा मात्र घरीच आहे. त्यावर पाळणा बांधला आहे. रीता म्हणाली होती तसाच मजबूत आहे, करकरतसुद्धा नाही. नात रडली की देवकाबाई हाक मारते, इस्तारी येतो, दोरी हातात घेतो. पोर वर दांडीकडे बघत बघत झोपते. तो मात्र वर बघत नाही, दोरी ओढत राहतो.