खिशातला फ्यूज

स्क्रू सुटत नव्हता. मिस्त्री ओव्हनच्या तोंडाशी गुडघे टेकून बसले होते आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत बसायच्या आधीच घसरत होता. मावशी ओट्याशी पावाचं पीठ मळत होती. हात पिठात, जीव नवऱ्याच्या मनगटात.

पहाटेचा पावांचा घाणा वरून लालबुंद आणि बुडाला कच्चा निघाला, तेव्हाच खालची कॉइल गेली हे तिला कळलं होतं. "वरून शहाणे आणि बुडाशी कच्चे, थेट तुमच्या भावकीसारखे," असं म्हणत तिने ते पाव बाजूला सारले होते. मिस्त्री हसले होते. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

जन्मभर त्यांनी लोकांचे ओव्हन, इस्त्र्या, पाणी तापवायची यंत्रं दुरुस्त केली. गल्लीत त्यांना नाव असं उरलंच नव्हतं, मिस्त्री म्हटलं की तेच. पण गेल्या महिन्यात शेजारणीची इस्त्री उघडून तशीच ठेवून आले आणि स्क्रू कुठे ठेवले ते काही केल्या आठवेना. त्या दिवसापासून मुलगा हत्यारांच्या पिशवीकडे बघायचा ते कुणी घरात साप पाळल्यासारखं. आजही कंपनीचा माणूस बोलवायचं त्याचं ठरलं होतं. मावशीने ते हाणून पाडलं. हे घर ज्यांच्या हातांनी उभं राहिलं त्यांना खुर्चीत बसवून ठेवायला ते काय पाहुणे आहेत, असं तिने सुनेदेखत सुनावलं. मुलगा जाता जाता अट घालून गेला. आज काही चुकलं, तर पिशवी भंगारात. मग नवी कॉइल त्यानेच आणून दिली, अगदी जुनीच्या मापाची, आणि आता तो बाहेरच्या खोलीत कान टवकारून बसला होता.

स्क्रू सुटला. पाठोपाठ दुसराही. मिस्त्रींनी दोन्ही काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आणि खोकं मावशीला दाखवलं. तिने मान डोलावली. कपडे वाळत घालायचे दोन चिमटेही त्यांनी मांडीशी ठेवले होते. कॉइलमागची वायर सुटली की मागच्या भोकात गडप होते, म्हणून आधी तिला चिमटा लावायचा, ही त्यांचीच युक्ती. सगळं आठवतंय, मावशीच्या मनात आलं. उगाच पोरं घर डोक्यावर घेतात.

तेवढ्यात तिची नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. खिसा सपाट होता.

मिस्त्रींचा एक नेम होता. काम हाती घेतलं की आधी बोर्डावरचा फ्यूज उपसायचा, रुमालात गुंडाळायचा आणि छातीवरच्या खिशात ठेवायचा. काम संपेपर्यंत तो कुणाच्या हातात द्यायचा नाही, घरच्या मालकाच्याही नाही. त्यांच्या तरुणपणी एका जोडीदाराचा हात असाच ओव्हनमध्ये असताना घरातल्या कुणीतरी न बघता बटण वर केलं होतं. तो जोडीदार परत उठला नाही. तेव्हापासून मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगत आले, बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे. घोड्याला झापड बांधली म्हणून घोडा मरत नाही. ऐकून ऐकून मावशीला ते पाठ झालं होतं.

आणि आज त्यांनी नुसतं ओव्हनचं बटण फिरवलं होतं. टेस्टर पिशवीतच होता. त्यांनी कॉइल पुढे ओढली आणि वायरींकडे हात नेला.

ओरडावं तर बाहेर मुलगा. आणि दचकून हात पुढे गेला तर?

"अहो, चष्मा द्या इकडे," ती म्हणाली. "काचा बघा कशा झाल्यात. वायर बघताय की धुकं?"

"असू दे गं."

"द्या म्हणते ना."

तिचा तो आवाज घरात कुणी मोडत नसे. त्यांनी हात मागे घेतला, चष्मा काढून दिला आणि चष्म्याविना माणूस बसतो तसे डोळे मिचकावत बसून राहिले. मावशी मागच्या बोळात गेली. ओव्हनच्या बोर्डाला तिने उभ्या जन्मात हात लावला नव्हता, त्यांनी लावू दिला नव्हता. तिने मोठं बटण खाली पाडलं आणि काळा फ्यूज दोन्ही हातांनी धरून उपसला. पदराने काचा पुसल्या. परत येऊन तिने स्वतःच त्यांच्या नाकावर चष्मा चढवला आणि वाकल्या वाकल्या फ्यूज खिशात सोडला.

"पुसलास की पीठ फासलंस?" ते म्हणाले.

"टेस्टर लावा आधी. मला शिकवता ना सारखं."

त्यांनी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग वायरीला चिमटा, जुनी कॉइल बाहेर, नवी आत, वायरी घट्ट, खोक्यातले दोन्ही स्क्रू जागच्या जागी. हात वाट चुकले नाहीत. मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता.

"मानलं बाबा तुम्हाला," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

मिस्त्री ओट्याला धरून उठले. फ्यूज बसवायला म्हणून सवयीने खिशात हात घातला. फ्यूज निघाला, पण रुमाल नव्हता. उघडा, काळा फ्यूज, आणि त्यावर पिठाची बोटं.

त्यांनी अंगठ्याने ते पीठ चोळून पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. ती पिठाच्या गोळ्याला तो शत्रू असल्यासारखी तिंबत होती.

"पिशवी माळ्यावर ठेव," ते मुलाला म्हणाले. "झालं माझं काम."

"अहो बाबा, मी कुठे काही म्हणालो?"

"तू नाही."

त्यांनी फ्यूज मावशीपुढे धरला. कधी कुणाच्या हातात न दिलेला.

"तूच लाव."

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. खाली बघूनच म्हणाली.

"कळतं तुला."

ती बोळात गेली. फ्यूज बसला, बटण वर झालं. ओव्हनच्या आत नवी कॉइल आधी काळी, मग तांबूस, मग लाल होत गेली. मिस्त्री स्टुलावर बसले. बाजूच्या खिशातून त्यांनी रुमाल काढला, एरवी फ्यूज ठेवून घालायचे तशाच घड्या घातल्या, आणि रिकामाच छातीवरच्या खिशात ठेवून दिला.