सतरावं मशीन

"आई, स्वतःची चूक माहीत असूनही तू ती दुरुस्त करत नाहीस, ते जमत नाही म्हणून की लाज वाटते म्हणून?"

हा प्रश्न आईला तोंडावर विचारायचा, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ही ऐनवेळी शेपूट घालणार, असं त्यांना वाटलं. पण भिंगरीला नुकतंच पंधरावं लागलं होतं आणि सध्या ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिने विचारला, तोही भर दुपारी, आई कामाच्या टेबलाशी बसलेली असताना.

आईचं काम फर्मवेअर सांभाळण्याचं. मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात नुसत्या सॉफ्टवेअरने रचलेले कॉम्प्युटर नांदतात, त्यांना म्हणायचं व्हर्च्युअल मशीन. असं मशीन सुरू झालं की सगळ्यांत आधी फर्मवेअर जागं होतं आणि आत येणाऱ्या सिस्टिमच्या हातात, घरात कुठे काय ठेवलंय त्याचा तक्ता देतं. त्या तक्त्यातला एक आकडा चुकला होता. भिंगरीच्या जन्माआधी आईनेच तो चुकवला होता आणि शेजारी लिहून ठेवलं होतं: 'चूक आहे. माझीच आहे. हात लावू नये.'

हात लावू नये म्हटलं की भिंगरीचे हात शिवशिवलेच. हे फर्मवेअर सगळ्यांसाठी खुलं, दुरुस्ती कुणीही सुचवावी; तिने आकडा सुधारून पाठवूनही दिला. आईच्या गटप्रमुखांनी 'छान' म्हणून शेरा मारला. शुक्रवारी नवी आवृत्ती निघणार आणि काम करणाऱ्यांच्या यादीत भिंगरीचं नाव झळकणार, हे तोवर अर्ध्या शाळेला कळलं होतं.

"जमतं की," आई चष्मा कपाळावर चढवत म्हणाली. "आणि लाज तर मी कधीच कोळून प्यायले. पण दुरुस्ती तुझी, तर चाचणीही तूच घे. ही सतरा जुनी मशीन. एकेक उठवून बघ."

भिंगरी बसली. पाच उठली, अकरा उठली. सोळावंही शहाण्या बाळासारखं उठलं. सतरावं मात्र ढिम्म. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. जुना, चुकलेला आकडा घातला की ते ताडकन उठायचं, बरोबर आकडा घातला की पुन्हा मेल्यासारखं पडायचं.

"सतरापैकी सोळा," ती म्हणाली. "परीक्षेत एवढे मिळाले तर बाबा गल्लीभर सांगत सुटतील."

"सुटू देत. सतरावं वापरणाऱ्यांना तू सांग. त्यांच्या सिस्टिमने माझा चुकीचा आकडा खरा धरलाय आणि ती लिहिणारा माणूस आता हयात नाही. वहीत नंबर आहे."

फोनवर कुणी खडूस म्हातारा येईल, अशी तिची खात्री होती. आली एक बाई, मऊ आवाजाची. मागे काहीतरी ठकठक चाललं होतं.

"ऐकलंस ना? आमचं ब्रेल छापायचं यंत्र," बाई म्हणाल्या. "ते चालवणारा प्रोग्राम तुमच्या त्या मशीनमध्ये. छापलेलं पान मी बोटांनी तपासते, डोळ्यांचं आणि माझं जन्मापासून जमलं नाही. सध्या नववीचा इतिहास घेतलाय. तू कितवीत?"

"नववीतच."

"मग तुला कधीच मिळालं असेल पुस्तक."

मिळालं होतं. टेबलाच्या लंगड्या पायाखाली होतं. भिंगरीने पाय जवळ ओढून घेतले.

"काही बंद पडणार असेल तर आधी सांग हं, बाळा," बाई म्हणाल्या. तक्रारीचा सूरही नव्हता. "आम्हाला विचारून कोणी बदलत नाही. निदान शेवटचे दोन धडे रेटून काढते."

फोन ठेवून भिंगरी आईवर उखडली. "तुला माहीत होतं."

"होतं. पण तू विचारलंस कुठे? तू विचारलंस, जमत नाही की लाज वाटते."

"मग अडवायचं मला."

"शुक्रवार सकाळपर्यंत तुझं तू ठरव. त्यानंतर मी तुझी आई नाही, हरकत घेणारी बाई."

संध्याकाळी बाबा चष्म्याचं दुकान बंद करून आले. भिंगरी दोघांना एकत्र धरूनच बोलली.

"शुक्रवारच्या यादीतून मी बाहेर. गटप्रमुखांना कळवलंय. आता दोन तक्ते करणार. नव्या मशीनला बरोबर आकडा, जुन्यांना आईची चूक, जशीच्या तशी. महिना तरी जाईल."

"आणि ती अर्धी शाळा?" बाबांनी विचारलं.

"हसली. हसू दे. छापखान्यातल्या बाईंना सांगितलंय, घाई करू नका म्हणून. सतरावं मशीन आजपासून माझ्याकडे. शाळेतून आले की आधी ते उठवणार, मग जेवणार." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि या टेबलाच्या पायाखाली दुसरं काहीतरी घाला. ते पुस्तक मला लागणार आहे."