जपूनसाहेबांची कागदपत्रं

विमा कंपनीत सगळे त्यांना जपूनसाहेब म्हणत. साधा कारकून म्हणून लागलेला हा माणूस जनरल मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत चढला, पण तोंडातला शब्द काही बदलला नाही. जिना उतरणाऱ्याला "जपून", गरम चहा उचलणाऱ्याला "जपून", आणि निरोपाच्या दिवशी मिठी मारायला पुढे आलेल्या शिपायालासुद्धा "जपून"!

निवृत्तीला बरीच वर्षं झाल्यावर एके दिवशी विद्यापीठाच्या संग्रहालयातून फोन आला. विमाधंद्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी त्यांना साहेबांची सगळी कागदपत्रं हवी होती, नोकरीतली आणि खासगीही. फोन ठेवला आणि साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. भाजीवाल्याला सांगून झालं, न्हाव्याला सांगून झालं. चुकून फोन लागलेल्या एका परक्या गृहस्थालाही त्यांनी ती बातमी ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.

"रद्दीवाल्याला बोलावणार होते मी," बायको म्हणाली.

"रद्दी? अगं, इतिहास आहे तो!"

"मग तुमच्या इतिहासाला झुरळं फार झालीत."

तिनं एक मात्र बजावलं. "तुमचे अहवाल द्या, भाषणं द्या, क्लेमच्या फायली द्या. लग्नाआधीची पत्रं द्यायची नाहीत. ती मला लिहिलेली आहेत, माझी आहेत."

साहेब "बरं" म्हणाले. पण संग्रहालयाच्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "खासगी कागद असतील तर फारच छान, सर!" त्या 'फारच छान'नं घात केला. बायको अंघोळीला गेल्याचं पाहून साहेबांनी तिच्या कपाटातला पत्रांचा गठ्ठा काढला आणि 'वार्षिक अहवाल' लिहिलेल्या खोक्यात तळाशी सारला. उभ्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच एक माल सांगून दुसरा भरला होता. पण खरं सांगायचं तर मजा येत होती.

खोके न्यायच्या दिवशी बाई टेम्पो घेऊन हजर झाल्या आणि नेमकी लिफ्ट बंद पडली. जिना अरुंद. टेम्पोवाल्यानं खोके पाहिले आणि कंबर धरली. तेव्हा माहेरी आलेली मुलगी म्हणाली, "गॅलरीतून दोरीनं सोडू या ना खाली!"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. आता तो शब्द येणार! साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि ते म्हणाले, "सोडा! बिनधास्त सोडा!"

मुलगी बापाकडे बघतच राहिली.

खोके एकामागून एक डुलत डुलत खाली गेले. साहेब कठड्यावरून वाकून "हां, येऊ द्या, येऊ द्या" करत लहान मुलासारखे नाचत होते. शेवटी 'वार्षिक अहवाल' निघाला. पुठ्ठा जुना होता. खोका पहिल्या मजल्याशी पोचला आणि त्याचा तळच सुटला. त्यात वारा आला. पाहता पाहता सगळा रस्ता कागदांनी भरून गेला.

मग काय विचारता! शिंपी मशीन सोडून धावला. दवाखान्यातली नर्स धावली. न्हाव्यामागून त्याचं गिऱ्हाईक एका गालावर फेस घेऊन धावलं. शिंप्यानं एक कागद झेपावून धरला, त्यावर नजर टाकली आणि तो खड्या आवाजात वाचायला लागला:

"माननीय महोदया, आपल्या टेबलाजवळून जाताना सदर अर्जदाराच्या हृदयाला अपघात झाला असून नुकसान पूर्ण स्वरूपाचे आहे..."

रस्त्यात हशा पिकला. वर गॅलरीत बायकोनं सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ते होते तिसऱ्या मजल्यावर.

"पुढचं पान कुठाय?" शिंपी ओरडला.

"शोधा, शोधा!" सगळा रस्ता वाकून शोधायला लागला. पान काही सापडेना. लोक हळहळले. आणि तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला:

"नुकसानीच्या पाहणीसाठी सर्वेअर पाठवू नये! महोदयांनी जातीने यावे!"

बायको कठड्याला धरून उभी होती. गाल लाल झाले होते. "आणि खाली सही," ती म्हणाली, "तीसुद्धा शिक्क्यासकट!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. फेसवाल्यानं विचारलं, "मग तुम्ही काय उत्तर दिलंत, काकू?"

"काय देणार? मी क्लेम खात्यात होते. 'कागदपत्रं अपुरी आहेत' असा शेरा मारला आणि अर्ज परत पाठवला!"

आता साहेबांनाही हसू आवरेना. हसता हसता ते खाली बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "खरंच पाठवला हो हिनं," ते लोकांना सांगत होते, "खरंच पाठवला!"

दोघं खाली उतरली, मागोमाग दार ओढून मुलगीही. तोवर लोकांनी पत्रं गोळा करून बाईंच्या हाती दिली होती. बाई संकोचून म्हणाल्या, "काकू, ही तुम्हालाच परत देते."

बायको म्हणाली, "आता राहिलंय काय झाकायचं? ठेवा तुमच्याकडे. पण माझी उत्तरंही शेजारी हवीत, नाहीतर सगळं एकतर्फी होईल." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, माझी उत्तरं कुठायत? की टाकलीत?"

साहेब चपलेकडे बघत पुटपुटले, "टेम्पोत. पहिल्याच खोक्यात."

"म्हणजे तीही न विचारताच भरलीत!"

"तुझीच आठवण म्हणून गं..."

"सरका," म्हणत तिनं पदर खोचला आणि ती टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसली. "कुठं ठेवणार, कशी ठेवणार, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय उतरायची नाही."

साहेबही तिच्या शेजारी घुसले. संग्रहालयाच्या बाई आपल्याच टेम्पोत जागा उरली नाही म्हणून मागे खोक्यांवर जाऊन बसल्या आणि हसत सुटल्या. टेम्पो निघाला. मुलगी फाटकातून ओरडत होती, "आई, बाबा, अहो घराची किल्ली कुणाकडे आहे?" पण आत तोवर दुसऱ्या पत्राचं पठण सुरू झालं होतं.