रक्ताच्या माणसाचा स्पर्श

तोनाला गावातल्या त्या पत्र्याच्या मांडवात रविवारी पाय ठेवायला जागा नसे. गेलेल्यांचे फोटो उराशी धरून बायका दाटीवाटीने बसत. गाणं टिपेला पोचलं की एकेक मनगट वर जाई आणि कुणीतरी हुंदका देई, "आला गं, हात धरला माझा." हा चमत्कार घडवणारा एवारिस्तो पूर्वी मोबाइल दुरुस्त करायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवानेच आपल्याला त्या धंद्यातून उचललं, असं तो सांगे आणि लोक माना डोलावत.

प्रत्येकाला तो मनगटाला बांधायला देवीचं पदक शिवलेला चामड्याचा पट्टा देई. मग त्याची टकळी सुरू होई. "हा पट्टा नाही, पूल आहे. पण पलीकडचा जीव फक्त रक्तामांसाचं नातं ओळखतो. परक्याने बांधला तर नुसतं कातडं." रविवारी प्रार्थना संपली की तो पट्टे 'कृपा भरायला' ठेवून घेई आणि सोमवारी परत देई. कृपा आठवड्यात संपते कशी, हे कुणी विचारलं नाही.

माझी ओतिलिया मावशी त्याच गर्दीत होती. तिची एकुलती एक मारिक्रूस बसच्या अपघातात गेली होती. मावशीला मधुमेह. रोज सकाळी इन्सुलिनच्या वेळेला पट्टा थरथरे. लेक राखण करते आहे, आता सुई टोचणं म्हणजे तिच्यावर अविश्वास, असं एवारिस्तोने सांगितलं आणि सुईच्या जागी स्वतःचा काढा दिला. मावशीने सुई सोडली. तिच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. असंच चाललं तर पाय जाईल आणि मग तुम्ही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

माझं कामच स्पर्शाचं. मनगटावरच्या यंत्राने औषधाची वेळ कशी सांगावी, बहिऱ्या माणसाला दारावरची घंटा कशी कळवावी, हे आम्ही शेजारच्या ग्वादालाहारा शहरातल्या एका कार्यशाळेत ठरवतो. एका रविवारी मांडवात मावशीचा पट्टा मी बांधून पाहिला. हळूच दाब चढला, थांबला, सुटला. कुणीतरी हात दाबून सोडावा तसा. काम चांगलं जमलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"मावशी, आत मोटर आहे. मोबाइलमध्ये असते तशी."

"तुला जाणवलं ना?"

"जाणवलं."

"मग झालं तर. तू माझ्या बहिणीची पोर. रक्ताचीच की."

नकळत तिनेच मला वाट दाखवली होती: पट्टा रक्ताचं नातं नसलेल्या कशाला तरी बांधायचा.

नवा स्पर्श आम्ही आधी डुकराच्या तंगडीवर बांधून बघतो. कातडी, चरबी, हाड, सगळं माणसाच्या हाताच्या जवळचं. वर डाळीचे दाणे ठेवले की थरथर कुठवर पोचते ते दिसतं. नंतर माणसांवर बघताना त्यांच्या कानात मोठा आवाज सोडतो, नाहीतर ती मोटरची घरघर ऐकूनच उत्तर देतात. एवारिस्तोचं गाणं हेच काम करत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी चोलेच्या दुकानात गेले. चोले खाटकीण मला ओळखते.

"पुन्हा तंगडी? एवढं खातेस आणि दिसतेस खराट्याच्या काडीसारखी."

"आज हिला प्रार्थनेला नेतेय."

चोले हसली नाही. तिच्याही मनगटावर पट्टा होता, गेलेल्या भावासाठी.

मांडवात मावशीशेजारी बसले. "पट्टा एकदाच मला दे. मारिक्रूस असेल तर ती तुझा हात शोधेल, पट्टा नाही."

"शोधेलच," मावशी म्हणाली आणि पट्टा काढून दिला. शालीखाली मी तो तंगडीला बांधला. मावशी रिकामं मनगट मांडीवर ठेवून वाट बघत बसली.

गाणं चढलं. एवारिस्तोचा हात खिशात गेला. "ओतिलियाताई, लेक आली. हात धरलाय बघा."

मी शाल बाजूला केली आणि तंगडीवर डाळ टाकली. दाणे उडायला लागले. पुढचे लोक गायचे थांबले, मग मागचे. त्या शांततेत मोटरची घरघर सगळ्यांना ऐकू आली.

"सैतानाचं काम आहे हे," एवारिस्तो म्हणाला.

"सैतानाचं नाही, माझ्या दुकानातलं आहे," मागून चोले म्हणाली. "हे डुक्कर ओतिलियाच्या कुठल्या नात्यातलं, तेवढं सांग."

मी पट्टा सुरीने उसवला. पदकाखाली बटणाएवढी मोटर, चपटी बॅटरी, सकाळची वेळ लावलेलं घड्याळ आणि इशारा पकडणारा तुकडा निघाला. चोलेने एवारिस्तोचा हात खिशातून ओढून काढला. मुठीत इशारा पाठवणारी कळ होती.

मावशीने यातलं काहीच पाहिलं नाही. ती आपल्या मनगटाकडे बघत होती. "मला काहीच जाणवलं नाही गं," ती म्हणाली. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

पाय घोट्यापासून कापावा लागला. इस्पितळात तिने मला जवळ बोलावलं. "तुला येतं ना ते? मग तूच तसा एक पट्टा बनव. खोटं आहे हे माहीत असून बांधीन."

"नाही, मावशी."

सुईची वेळ सांगणारा पट्टा मात्र मी तिला दिला. मुद्दाम खडबडीत थरथरणारा, कुणाच्याही हातासारखा न वाटणारा. ती त्याला शिव्या देते आणि सुई घेते.

दुःखात माणूस हात शोधतो, त्यात लाज नाही. पण जो हात औषध सोडायला सांगतो, तो आधी उसवून बघा. आम्ही बघितला, पण फार उशिरा. रात्री मावशीला झोप लागत नाही तेव्हा मी तिचा हात धरून बसते, आणि ती कधी कधी मला मारिक्रूस म्हणते. मी दर वेळी माझं नाव सांगते.