दहापैकी आठ

पवनचक्क्या दुरुस्त करण्यात आरिओस्तो पिंतोसची सारी हयात गेली. ताक्वारेम्बो प्रांताच्या कुरणांमधली कुठलीही चक्की कुरकुरली की काय बिघडलंय हे तो लांबूनच सांगायचा. माणसांचं मात्र त्याला जमायचं नाही. तीन-चार जण एकदम बोलू लागले की हा टोपी उचलून अंगणात. गावाने त्याला तुसडा ठरवून टाकलं होतं आणि एकसष्टाव्या वर्षी त्यालाही ते पटलं होतं.

मुलीचा पंधरावा वाढदिवस तिकडे लग्नासारखा थाटात करतात. नात मायतेच्या पंधराव्याची तारीख ठरली आणि त्याचं ब्लडप्रेशर चढलं. बायको झुल्मा त्याला ओढतच गावच्या दवाखान्यात घेऊन गेली.

नर्स यामिलाने दंडाचा पट्टा सोडला. "काका, एवढं कसलं टेन्शन घेतलंय?"

"दीडशे माणसं. चार स्पीकर. आणि मी मधोमध मायतेबरोबर वॉल्ट्झ नाचायचं."

"वाढदिवस आहे की फाशी?" झुल्मा उसळली. "नाचाच्या तालमीतून पळून आला गं हा! पोरगी रडली. म्हणते, आजोबाला मी आवडत नाही."

नात म्हणजे आरिओस्तोचा जीव की प्राण. पण ते बोलून कसं दाखवायचं, हे त्याला सुचेना.

यामिलाने खणातून एक कागद काढला. "दहा प्रश्न आहेत. मोठ्या माणसात ऑटिझम असू शकेल का, याचा अंदाज घ्यायला. भरता?"

आरिओस्तोने पेन्सिल घेतली आणि पहिल्याच प्रश्नाला अडला. "'इतरांना न जाणवणारे आवाज तुम्हाला बऱ्याचदा ऐकू येतात का?' बऱ्याचदा म्हणजे आठवड्यातून किती वेळा?"

"अंदाजे सांगा हो."

"अंदाजे कसं सांगू? आत्ता तुमचा लशींचा फ्रिज वाजतोय. पंख्याचं बेअरिंग सुकलंय."

यामिलाने कान टवकारले. तिला काहीच ऐकू आलं नाही. तिने पुढचा प्रश्न वाचला, "लोकांच्या बोलण्यातली खोच कळते?"

"कळते."

"काय कळते, डोंबल!" झुल्मा म्हणाली. "परवा माझी बहीण विचारते, 'आम्हाला हाकलायचा विचार आहे की काय?' तर हा म्हणतो, 'हो, साडेआठला.'"

"तिने विचारलं, मी सांगितलं."

यामिलाला हसू आवरेना. झुल्माही डोळे पुसत हसू लागली आणि कशाला ते न कळताही आरिओस्तो त्यांच्यात सामील झाला.

"आठ," शेवटी यामिला म्हणाली. "सहाच्या वर आलं की पुढे पाठवतो."

"दहापैकी आठ? शाळेत मला इतके कधी पडले नव्हते!"

"ही परीक्षा नाही, काका, आणि निदानही नाही. एवढ्याशा प्रश्नांनी ते ठरत नाही. शहरातल्या तज्ज्ञांनी नीट बघायला हवं. नंबर लागायला चारेक महिने जातील."

"वाढदिवस तर पुढच्या महिन्यात आहे."

"स्पीकर कमी करायला डॉक्टरची चिठ्ठी कशाला लागते?" यामिला म्हणाली.

बाहेरच्या बाकावर झुल्माने थर्मासमधलं गरम पाणी तुंब्यातल्या पाल्यावर ओतलं आणि तो कडू चहा, माते, त्याच्या हातात दिला. मग ती म्हणाली, "चौतीस वर्षं मला वाटत होतं, माझ्या माहेरची माणसं तुला आवडत नाहीत."

"आवडतात की," तो म्हणाला. "एकेक करून."

घरी मायतेने तो सगळा प्रकार आजीकडून दोनदा वदवून घेतला आणि कार्यक्रमच बदलून टाकला. स्पीकर एक. वॉल्ट्झ सर्वांत आधी, दुपारी बरोबर एक वाजता, तीन मिनिटं. त्यानंतर आजोबाला मागच्या खोलीत बसायची मुभा.

एक वाजला. निळ्या झग्यातल्या नातीचा हात धरून आरिओस्तो मधोमध उभा राहिला. एकदाही चुकला नाही.

"आजोबा, पावलं मोजतोयस ना?" ती कुजबुजली.

"बोलू नकोस. एकवीस."

टाळ्या पडायच्या आत तो खोलीत पोचला. झुल्माने मांसाची थाळी आणून दिली. थोड्या वेळाने तिचीच बहीण दार ढकलून आली, "कान किटले बाई," म्हणत शेजारी टेकली आणि दोघांनी सुखाने, चकार शब्द न काढता जेवण केलं.

तज्ज्ञांकडे नंबर लागून तो शहराहून परतला तेव्हा बसथांब्यावर मायते उभी होती.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

आपला आजोबा तुसडा नव्हताच, या आनंदाने ती एवढ्या जोरात ओरडली की ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं. मग दोघं आईस्क्रीम खायला निघाली. वाटभर आरिओस्तो बोलत होता. डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं, आपण काय सांगितलं, अगदी पहिल्यापासून. दुकान कधीच मागे पडलं होतं, पण मायतेने त्याला थांबवलं नाही.