सिग्नीच्या पोटरीवरचा तीळ

मित्रांनो, निरपराध असूनही ज्यांनी जगासाठी शस्त्राखाली मान दिली, त्या थोर हुतात्म्यांच्या मालिकेत माझे नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवे. मी एक जुना तीळ आहे. तोही पोटरीवरचा.

मॅनिटोबा प्रांतातल्या मोठ्या तळ्याकाठी, आइसलँडहून येऊन वसलेल्या कोळ्यांच्या गावात माझा जन्म झाला. सिग्नी दोन वर्षांची असताना मी तिच्या डाव्या पोटरीवर टिंबाएवढा उगवलो आणि तिच्याबरोबर वाढलो. रूपाचे म्हणाल, तर कडा वेड्यावाकड्या, अर्धे अंग काळे, अर्धे तपकिरी, शिवाय मधोमध एक केस. सिग्नीला मात्र मी आवडे. ती मला 'मनुका' म्हणे. पोहायला गेली की आधी मला पाणी लावी, मग स्वतः उतरे. माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच.

सिग्नी नऊ वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात माझ्याखाली दोन बोटांच्या अंतरावर एक पुळी आली. गुलाबी, गोल, गुळगुळीत. दिसायला अगदी गुणी. आमच्याकडे जून-जुलैत डास इतके, की अंगणात जेवताना माणसे तोंड फार उघडत नाहीत. त्यामुळे कातडीवर जे जे गुलाबी, त्याचे नाव एकच. "डास चावलाय," असे म्हणून सिग्नीच्या आईने, थोराने, मलम लावले.

मग तळे गोठले. डास मेले. चावा मात्र वाढत राहिला. मोजा घासला की त्यातून रक्त येई. शेजारी राहून मला सगळे कळत होते. पण तिळाला कोण विचारतो?

त्याच सुमारास थोराने रेडिओवर ऐकले, की तिळाच्या दोन बाजू सारख्या नसतील, कडा वाकड्या असतील, रंग एकाहून अधिक असतील, तर तो कर्करोग असू शकतो. तिने मला दिव्याखाली धरले. मी सगळ्या विषयांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो!

डॉक्टर पेन्नर हे तरुण आणि भले गृहस्थ. त्यांनी मला भिंगातून नीट पाहिले. मग भिंग खाली सरकवून विचारले, "आणि ही पुळी?"

"डासाची हो. जुलैपासून आहे," थोरा म्हणाली.

"जुलैपासून? अहो, नोव्हेंबर चाललाय."

कोपऱ्यात सिग्नीचे आजोबा बसले होते. त्यांना सगळे आफी म्हणत. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पडलात शहरातले. आमच्या डासाचा चावा नाताळपर्यंत टिकतो. माल पक्का आहे!"

"आफी, गप्प बसा ना!" म्हणत सिग्नी खिदळली. डॉक्टरही हसले, आणि हसता हसता भिंग खिशात गेले. "चामखीळ असेल. पडेल आपोआप. हा तीळ मात्र काढूया."

"माझ्या मनुकेला दुखेल?" सिग्नीने विचारले.

मला दुखले नाही. विनिपेग शहरातल्या प्रयोगशाळेत माझे पातळ काप करून, रंगवून काचेवर चिकटवले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधा तीळ आहे बिचारा." म्हणजे मी निर्दोष सुटलो. फाशी झाल्यावर.

बर्फ वितळू लागले तेव्हा डॉक्टर पेन्नर स्वतः प्रयोगशाळेत आले. बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक नवी काच होती. मी माझ्या शेजारणीला लगेच ओळखले.

"मेलॅनोमा," बाई म्हणाल्या. "त्वचेचा कर्करोग. जांघेतल्या गाठीत उतरलाय."

"पण ती गुलाबी होती. छान गोल होती."

"लहान मुलांत पुष्कळदा तशीच असते. रेडिओवरचे ते नियम मोठ्यांच्या कातडीचे. मुलांत बघायचं ते वाढतंय का, रक्त येतंय का."

"मी विचारलं होतं," पेन्नर म्हणाले.

"मग?"

"आजोबांनी विनोद केला. मी हसलो." त्यांनी चष्मा काढला. "तिळाचा निकाल चांगला आला म्हणून त्यांनी मला केक पाठवला होता. सुक्या आलुबुखाऱ्याचा, सात थरांचा. मी खाल्लाही."

"आजोबा कसे आहेत?"

"दवाखान्यात येऊन बसतात. बोलत नाहीत."

त्या उन्हाळ्यात सिग्नीच्या फुप्फुसातल्या तुकड्याची एक काच आली. त्यानंतर तिची एकही आली नाही. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मुलीने विचारले, तेव्हा बाई इतकेच म्हणाल्या, "आता कापून बघायला ती पोरच राहिली नाही गं."

मित्रांनो, सगळे काळे तीळ वाईट नसतात आणि सगळ्या गुलाबी पुळ्या डासांच्या नसतात. एखादी महिनाभर गेली नाही, वाढू लागली, तिच्यातून रक्त आले, तर मोठ्यांना सांगा. डॉक्टरांना दाखवा, आणि नीट तपासून होईपर्यंत तिथून उठू नका. सिग्नीला हे सांगायला हवे होते, ते मी तुम्हाला सांगतो आहे. त्याचा तिला काय उपयोग?

असो. एक किरकोळ विनंती आहे. कपाटात नमुने रुग्णांच्या नावाने लावताना मला त्या पुळीला खेटून ठेवले आहे. जमल्यास मध्ये एक खाच मोकळी सोडा. जागा नसेल, तर राहू द्या.