गोजरबाईची पात

केदारखेड्यात खुरपायला जाणाऱ्या नऊ बायांची एक टोळी होती आणि त्या टोळीत कडेची पहिली पात तुळजाबाईची. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पिकाचा पट्टा. सगळ्या एका रांगेत बसतात, आपापली पात खुरपत पुढं सरकतात आणि पहिल्या पातीवरची बाई ज्या चालीनं जाते त्या चालीनं बाकीच्यांना जावं लागतं. तुळजाबाईकडं ही पात वीस वर्षं होती. ती तिला कुणी दिली नव्हती आणि तिच्याकडून मागून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

हा मान तिला मिळाला तो साव्यामुळं. सावा हे बाजरीत उगवणारं रानगवत, आणि लहानपणी ते इतकं हुबेहूब बाजरीसारखं दिसतं की पेरणारा स्वतः फसतो. कणसावर आल्यावर शेंबडं पोरही दोन्ही वेगळी काढील, पण तोवर साव्यानं बाजरीच्या तोंडचं सगळं खाऊन घेतलेलं असतं. ओळखायचं ते वीतभर असताना. पान जिथं खोडाला बिलगतं तिथं बाजरीला बारीक केसांची कडा असते; सावा त्या जागी साफ कोरा. नव्या सुनांना तुळजाबाई हे एकदा दाखवायची. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायची, "डोळे माहेरी ठिवून आल्तीस का गं?"

एकोणनव्वद सालच्या पावसाळ्यात ती केसांची कडा तिची तिलाच दिसेना. आधी वाटलं धूळ गेली असेल. मग पाण्याचे हबके मारून झाले, मध घालून झाला, तरी डोळ्यांपुढचं दूध काही निवळेना. मोतीबिंदू आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या आईला झाला होता. हे बाहेर फुटलं तर पहिली पात जाणार आणि दोन दिवसांनी बाया म्हणणार, "कशाला येता आता, घरी बसा." घरी बसून ओसरीवर लसूण सोलत, येणाऱ्याजाणाऱ्याला "कोण हाये?" असं विचारायचं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तुळजाबाईचं स्पष्ट मत होतं.

तिनं बोटांवर भिस्त ठेवली. बाजरीचं खोड बुडाशी गोल लागतं, साव्याचं चपटं. चिमटीत धरायचं, जरा फिरवायचं, चपटं लागलं की खुरपं घालायचं. पहिल्या दिवशी ती एकेक खोड दोनदोनदा चाचपत होती. चौथ्या दिवशी बद्रीनाथ, ज्याचं रान होतं तो, पातीतून फिरून आला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या पातीत सावा औषधालाबी न्हाई." त्या दिवसापासून तुळजाबाईची जीभ पुन्हा मोकळी सुटली.

ती सुटली की पहिली जाऊन पडायची गोजरबाईवर. गोजरबाई तिची धाकटी जाऊ, शेजारच्याच पातीवर बसायची आणि यंदा तिची पात रोज मागं राहत होती. तुळजाबाई आपली पात धुऱ्याला, म्हणजे रानाच्या बांधाला, लावून उभी राहायची, कंबर ताठ करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "गोजर, अगं बाजरी कापणीला आली, चल की आता!" बाया हसायच्या. ज्या बाईची पात आधी संपते तिनं मागं राहिलेलीच्या पातीत समोरून शिरून तिला हात द्यायचा, ही टोळीची रीत. तुळजाबाई हात द्यायची, पण देता देता दहा टोमणे मारायची. गोजरबाई वर बघायचीसुद्धा नाही. "हात न्हाई चालत माझा, आक्का," एवढंच म्हणायची.

मग एक दिवस गोजरबाई आली नाही. तिचा भाऊ भोकरदनला आजारी होता. आठ जणीच रानात बसल्या आणि तुळजाबाईच्या शेजारची पात बेबीनंदाकडं आली. ही टोळीतली सगळ्यात लहान सून.

दुपारी बद्रीनाथ आला. तुळजाबाईच्या पातीत थोडा चालला आणि थांबला. वाकून त्यानं काहीतरी उपटलं, धुऱ्यावर पडलेल्या गवताच्या ढिगातून काहीतरी उचललं आणि दोन्ही तिच्या दोन हातांत दिलं.

"काकू, ह्या हातातलं तुमच्या पातीत उभं होतं. अन् ह्या हातातलं तुम्ही उपटून टाकलंय."

तिनं दोन्हींची बुडं चिमटीत फिरवली. दोन्ही सारखीच लागली. इतकी कोवळी रोपं, आणि चाळीस वर्षं खुरप्यानं घट्टे पडलेली बोटं. काय कळणार होतं? बद्रीनाथ भला माणूस होता. "आज काय झालं म्हणावं?" असं स्वतःशीच म्हणत तो विहिरीकडं गेला.

"आज काय झालं गं?" तुळजाबाईनं बेबीनंदाला विचारलं.

बेबीनंदा खाली मान घालून माती उकरत म्हणाली, "आज गोजरकाकू न्हाईत ना."

"मंग?"

"त्या रोज तुमच्या पातीत हात घालून राह्यल्यात. तुमचा राहिलेला सावा काढायच्या, उपटलेली बाजरी परत लावायच्या. आम्हाला म्हणाल्त्या, कुणी तोंड उघडलं तर बघा."

"सगळ्यांना माहीत होतं?"

बेबीनंदानं मान हलवली, पण ती हललेली तुळजाबाईला दिसली नाही. तिला उत्तराची गरजही नव्हती. बाया रोज हसत होत्या त्या कशाला हसत होत्या, ते तिला आता कळलं.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई रानात आली तेव्हा बाया पाती धरत होत्या. तुळजाबाई खुरपं घेऊन थेट दुसऱ्या टोकाला, शेवटच्या पातीवर जाऊन बसली होती.

"तिकडं कुठं, आक्का?"

"आजपासून पहिली पात तुझी." तुळजाबाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बायांनो, गोजरची पात मागं राहत न्हवती. ती दीड पात खुरपत होती. मला दिसत न्हाई, अन् मी तिलाच रोज बोलून राह्यले. माझं चुकलं गं, गोजर."

गोजरबाईला असल्या बोलण्याची सवयच नव्हती, ती चिडलीच.

"तिकडं बसल्यावर मी काय सात जणींच्या पाठीमागून तुमच्या पातीत येऊ? बिलकुल न्हाई जमायचं. या हिकडं जल्दी! पोळा झाला की डोळ्याच्या शिबिराला जायचं. तवर मी हाये बाजूला."

तुळजाबाई आली आणि आपल्या जागेवर बसली. बुडाशी संशय आला की ती रोप न उपटता शेजारी विचारू लागली, "गोजर, हे काय हाये?" आणि गोजरबाई सांगू लागली. त्या दिवशी दोघींच्या पाती बरोबरीनं धुऱ्याला लागल्या, सगळ्यात शेवटी.